कॉलेजातला गांजा माफ झाला, फॉर्मवरचे 'नाही' झाले नाही

निर्णयपत्राच्या शेवटी निष्कर्ष मोजक्या ओळींत असतो. या प्रकरणात तो असा होता: परिच्छेद १, तत्त्व एच, अमली पदार्थ: अर्जदाराच्या बाजूने. परिच्छेद २, तत्त्व ई, वैयक्तिक वर्तन: अर्जदाराच्या विरुद्ध. एक परिच्छेद विरुद्ध गेला तरी सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय माहिती हाताळण्याची सरकारी परवानगी, नाकारायला पुरतो. म्हणजे ज्या गांजामुळे आपण अडकू अशी अर्जदाराला भीती होती, त्यात तो सुटला होता. तो गांजा लपवण्यासाठी त्याने जे केले, त्यात अडकला.

इथला अर्जदार ही कोणी एक व्यक्ती नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे सुनावणी व अपील कार्यालय, बोलीभाषेत 'डोहा', आपले निर्णय नावे गाळून प्रसिद्ध करते. त्या निर्णयांत पुन्हा पुन्हा दिसणारी परिस्थिती एकत्र करून हे प्रकरण रचले आहे. व्यक्ती आणि घटनाक्रम प्रातिनिधिक आहेत. नियम, मुदती आणि कलमे मात्र प्रत्यक्षातली आहेत. अर्जदार मराठी घरातला घेतला आहे, कारण न्यू जर्सी, व्हर्जिनिया, मेरीलँड, टेक्ससमध्ये वाढलेली मराठी मुले आता संरक्षण क्षेत्रातल्या कंपन्यांत मोठ्या उमेदीने जातात, आणि क्लिअरन्ससाठी भराव्या लागणाऱ्या एसएफ-८६ या फॉर्मबद्दल घरात त्यांना सांगू शकेल असे सहसा कोणी नसते. क्लिअरन्स नागरिकालाच मिळतो. आई-वडिलांची नोकरीची वर्षे एच-१बी आणि ग्रीन कार्डवर गेली असतील, तर त्यांचा या फॉर्मशी कधी संबंधच आलेला नसतो.

घटनाक्रम

अर्जदार अमेरिकेत जन्मलेला सॉफ्टवेअर इंजिनिअर. २०१३ ते मे २०१७ या कॉलेजच्या काळात त्याने मित्रांबरोबर गांजा ओढला. सुरुवातीला वर्षातून दोन-तीनदा, शेवटच्या वर्षी जरा जास्त. एकूण १५ ते २० वेळा. विकत क्वचितच घेतला, विकला कधीच नाही. २०१६ च्या परीक्षांत रूममेटच्या प्रिस्क्रिप्शनच्या अ‍ॅडरॉल या एकाग्रतेसाठीच्या औषधाच्या गोळ्या दोनदा घेतल्या.

जून २०१८ मध्ये व्हर्जिनियातल्या एका कंपनीने नोकरी देऊ केली, सीक्रेट पातळीच्या क्लिअरन्सच्या अटीवर. त्याने एसएफ-८६ हा फॉर्म भरला आणि अमली पदार्थांबद्दलच्या विभाग २३ मध्ये सगळीकडे 'नाही' लिहिले. २०१९ च्या सुरुवातीला क्लिअरन्स मिळाला. ऑगस्ट २०१९ मध्ये मित्राच्या लग्नाआधीच्या सहलीत कोलोरॅडोला गेला असताना त्याने दुकानातून घेतलेली गांजाची एक गमी (चघळायची मऊ गोळी) खाल्ली, १० मिलिग्रॅमची. कोलोरॅडोत अशा दुकानांतली विक्री २०१४ पासून राज्याच्या कायद्याने चालते. फेडरल कायद्याने ती तेव्हाही बेकायदेशीरच होती.

मार्च २०२१ मध्ये टॉप सीक्रेटसाठी दुसरा एसएफ-८६. पुन्हा सगळीकडे 'नाही'. जून २०२१ मध्ये तपास अधिकाऱ्याने मुलाखत घेतली. फॉर्ममधला प्रश्न वाचून दाखवल्यावर अर्जदार 'नाही'च म्हणाला. अधिकाऱ्याने कॉलेजच्या वर्षांबद्दल नेमके विचारले, तेव्हा "तीन-चारदा असेल" असे उत्तर आले. क्लिअरन्स मिळाल्यानंतर काही घेतले का, याला स्पष्ट 'नाही'. सप्टेंबर २०२१ मध्ये दुसऱ्या एका सरकारी संस्थेच्या कामासाठी पॉलिग्राफ, म्हणजे खोटे पकडण्याच्या यंत्राची चाचणी, होता. यंत्र लावण्याआधीच्या बोलण्यात त्याने सगळे सांगून टाकले: १५ ते २० वेळा, अ‍ॅडरॉल, कोलोरॅडो. ही माहिती संरक्षण खात्याकडे गेली. जून २०२२ मध्ये कारणदर्शक पत्र हातात पडले.

विभाग २३ काय विचारतो

इथे बहुतेकांचा वाचनातच घोटाळा होतो. मुख्य प्रश्न मागच्या ७ वर्षांतल्या बेकायदेशीर वापराचा आहे, आणि ती ७ वर्षे फॉर्म भरण्याच्या दिवसापासून मागे मोजायची. डॉक्टरने दुसऱ्याला दिलेले औषध घेणे हा ७ वर्षांचाच, पण वेगळा प्रश्न आहे. अ‍ॅडरॉल तिथे येते. क्लिअरन्स हातात असताना कधीही वापर केला का, या प्रश्नाला मात्र काळाची मर्यादाच नाही. तिथे 'कधीही' म्हणजे आयुष्यात कधीही. एखाद्या राज्यात गांजा कायदेशीर असला तरी उत्तर फेडरल कायद्याप्रमाणे द्यायचे, हे फॉर्मवरच छापलेले असते. त्यामुळे "मला वाटले कोलोरॅडोत चालते" हा बचाव वापराबद्दल थोडा कामी येईल, उत्तराबद्दल नाही.

त्याच विभागाच्या सुरुवातीला आणखी एक वाक्य आहे, आणि ते घाईत वाचायचे राहून जाते: इथे दिलेली खरी उत्तरे, किंवा त्यांतून निघालेली माहिती, पुढे फौजदारी कारवाईत तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाणार नाही. हे संरक्षण खऱ्या उत्तराला आहे. खोट्या उत्तराला अमेरिकी संहितेच्या शीर्षक १८ मधले कलम १००१ लागू होते, ज्यात ५ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. नुसत्या गांजाच्या खोट्या उत्तरावरून खटला भरला जाणे दुर्मीळ आहे. तरी कायद्याने कोणाच्या डोक्यावर छत्री धरली आहे आणि कोणाला पावसात ठेवले आहे, हे यावरून दिसते.

'हो' लिहिले की फॉर्म पुढचे तपशील मागतो: पदार्थ कोणता, पहिला आणि शेवटचा वापर कोणत्या महिन्यात-वर्षात, किती वेळा आणि कशा स्वरूपाचा, त्या वेळी क्लिअरन्स होता का, पुढे वापरायचा इरादा आहे का आणि का नाही. तारखेसमोर 'अंदाजे' अशी खूण करायची सोय आहे. ती करावी. आठवत नसताना ठाम आकडा लिहिणे हे पुढच्या विसंगतीचे बी असते. २०१८ मध्ये अर्जदाराने लिहायला हवे होते ते एवढेच: गांजा, अंदाजे सप्टेंबर २०१३ ते मे २०१७, १५ ते २० वेळा, मित्रांबरोबर, कॉलेज संपल्यावर नाही, पुढे इरादा नाही. अ‍ॅडरॉल, २०१६, दोनदा, परीक्षेच्या वेळी. तीन-चार ओळींचे काम होते.

'नाही' का लिहिले

सुनावणीत अर्जदाराने दोन कारणे सांगितली, आणि दोन्ही खरी वाटतात. कंपनीतला एक सहकारी त्याला म्हणाला होता, "अरे, तिथे कोणी खरं लिहितं का? 'नाही' टाक आणि मोकळा हो." दुसरे कारण घरचे. आई-वडिलांना यातले काहीच माहीत नव्हते आणि तपास अधिकारी घरी येऊन विचारतील अशी त्याला धास्ती होती. हात दाखवून अवलक्षण कशाला, हा हिशेब त्या वयात कोणाच्याही मनात येईल.

पण या व्यवस्थेत दोन्ही कारणे उलटी पडतात. मार्गदर्शक तत्त्वांत सल्ल्यावरून माहिती दडवल्याची सूट आहे, परंतु तो सल्ला वकिलाचा, किंवा सुरक्षा प्रक्रियेबद्दल मार्गदर्शन करणे हीच ज्याची जबाबदारी आहे अशा व्यक्तीचा असावा लागतो. कंपनीत असा माणूस म्हणजे फॅसिलिटी सिक्युरिटी ऑफिसर, एफएसओ. शेजारच्या टेबलावरचा सहकारी त्यात बसत नाही. आणि घरच्यांपासून लपवलेली गोष्ट हीच तर तपासणाऱ्यांची खरी काळजी असते. जी गोष्ट उघड होऊ नये म्हणून माणूस सरकारशी खोटे बोलतो, ती गोष्ट हातात असलेला तिसरा माणूस त्याच्याकडून काय करून घेईल? 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण गावात, नात्यात चालते. गोपनीय कागद सांभाळणाऱ्याची झाकलेली मूठ हाच धोका धरला जातो.

खरे सांगण्यालाही किंमत असते, हे लपवणे योग्य नाही. २०१८ मध्ये वापर बंद होऊन एकच वर्ष झाले होते. 'हो' लिहिल्यावर तात्पुरता क्लिअरन्स बहुधा मिळाला नसता, अंतिम निर्णयाला महिने लागले असते, कंपनी तितकी थांबली असती याची खात्री नाही. तोटा असता तर एका नोकरीचा. तरुण मुलांना हे स्पष्ट सांगायला हवे, नाहीतर "खरे लिहा, काही होत नाही" या गोड आश्वासनावर त्यांचा विश्वास बसत नाही, आणि तो बसू नयेच.

कारणदर्शक पत्र आणि उत्तर

पत्रात दोन परिच्छेद होते. पहिल्यात तत्त्व एच खाली तीन आरोप: २०१३ ते २०१७ चा गांजा, २०१६ चे अ‍ॅडरॉल, आणि क्लिअरन्स असताना २०१९ ची गमी. दुसऱ्यात तत्त्व ई खाली चार: २०१८ च्या फॉर्मवर वापर दडवला, औषधाचा गैरवापर दडवला, २०२१ च्या फॉर्मवर पुन्हा दडवले, मुलाखतीत खोटे सांगितले. ही तत्त्वे ८ जून २०१७ पासून लागू असलेल्या 'सीड ४' या निर्देशातली आहेत. ए ते एम अशी एकूण १३.

उत्तर पत्र मिळाल्यापासून २० दिवसांत, शपथेवर, प्रत्येक आरोपाला वेगळे 'मान्य' किंवा 'अमान्य' लिहून द्यायचे असते. सुनावणी हवी की फक्त कागदपत्रांवर निर्णय हवा, हेही त्यातच सांगायचे. पैसे वाचतात म्हणून कागदांवरचा मार्ग निवडणारे बरेच असतात. ज्या प्रकरणात प्रश्न प्रामाणिकपणाचा आहे, तिथे हा मार्ग जवळजवळ नेहमीच चुकीचा ठरतो, कारण न्यायाधीशाला माणूस दिसतच नाही, आणि पश्चात्ताप कागदावर सगळ्यांचा सारखाच दिसतो.

अर्जदाराने सुनावणी मागितली, हे बरोबर केले. चूक वेगळीच झाली. पत्राआधी त्याला लेखी प्रश्नावली आली होती. तिच्यासोबत जून २०२१ च्या मुलाखतीचा सारांश जोडलेला होता आणि "हा सारांश अचूक आहे का?" असा प्रश्न होता. त्याने न वाचता 'हो' लिहून सही केली. एरवी तपास अहवाल तो लिहिणाऱ्या साक्षीदाराशिवाय सुनावणीत पुरावा म्हणून सहज येत नाही. अर्जदाराने स्वतः तो स्वीकारला की येतो. सारांश खोटा होता असे नाही. पण त्यात "प्रश्न समजला होता, घाबरून नाही म्हटले" असे वाक्य होते, आणि आरोपांच्या उत्तरात त्याने मुद्दाम दडवल्याचा आरोप 'अमान्य' करून "प्रश्न नीट वाचला नाही" असे लिहिले. दोन कागद समोरासमोर ठेवायला सरकारी वकिलाला दोन मिनिटे लागली. जुन्या खोट्याच्या चौकशीत हे नवे विसंगत उत्तर सगळ्यात जड पडले.

सुनावणीतले दोन वेगळे मोजमाप

मार्च २०२३ च्या सुनावणीत तत्त्व एच बद्दल अर्जदाराची बाजू भक्कम होती. शेवटचा वापर साडेतीन वर्षांपूर्वीचा. जुन्या मित्रमंडळींशी संबंध तोडलेला. पुढे कधीही वापर करणार नाही आणि केल्यास क्लिअरन्स रद्द करायला ते कारण पुरेसे असेल, अशी सही केलेली प्रतिज्ञा त्याने दिली. ही प्रतिज्ञा तत्त्वांतच नमूद आहे आणि ती तारखेसह, स्वतंत्र कागदावर द्यावी. राष्ट्रीय गुप्तचर संचालकांनी डिसेंबर २०२१ मध्ये काढलेल्या खुलाशाप्रमाणे पूर्वीचा गांजाचा वापर विचारात घ्यायचा असतो, पण तेवढ्यावरच निकाल लागत नाही. क्लिअरन्स असताना खाल्लेली गमी जड होती. तरी एकच वेळ, परत नाही, म्हणून न्यायाधीशांनी तीही बाजूने सोडवली.

मग तोच खुलासा अर्जदाराच्या वकिलाने तत्त्व ई साठीही पुढे केला. तो चालला नाही, आणि चालणारही नव्हता. सरकारची नजर गांजाकडे मवाळ झाली असेल. फॉर्मवर खोटे बोलण्याकडे ती मवाळ झाल्याचे त्यात एक अक्षर नाही.

तत्त्व ई मध्ये नुसते उत्तर चुकले हे पुरत नाही, ते जाणूनबुजून दिले होते हे दिसावे लागते. इंजिनिअरची पदवी, दोन वेळा तोच फॉर्म, तोच प्रश्न, वर लेखी कबुली. शंका उरली नाही. त्यानंतर सौम्य करणाऱ्या अटींपैकी पहिली आणि सर्वांत महत्त्वाची बघितली गेली: माहिती समोर मांडली जाण्याआधीच व्यक्तीने तत्परतेने, प्रामाणिकपणे चूक दुरुस्त केली का? 'तत्परतेने' आणि 'आधीच' हे दोन्ही शब्द महत्त्वाचे आहेत. २०१८ च्या खोट्याची दुरुस्ती २०२१ मध्ये, तीही नेमका प्रश्न विचारल्यावर, तीही अर्धीच. पॉलिग्राफच्या आधीची पूर्ण कबुली स्वेच्छेची मानावी, असा युक्तिवाद झाला. न्यायाधीशांनी ती यंत्राच्या भीतीने दिलेली मानली. (पॉलिग्राफच्या रेषा इथे पुरावा नव्हत्या, त्या खोलीत त्याने स्वतः काय सांगितले, तेवढेच मोजले गेले.)

दुसरी अट होती फार काळ लोटल्याची किंवा कृत्य किरकोळ असल्याची. इथेच दोन तत्त्वांमधला फरक लख्ख दिसतो. गांजाचे घड्याळ शेवटच्या वापरापासून चालते, म्हणजे ऑगस्ट २०१९ पासून. खोट्याचे घड्याळ शेवटच्या खोट्यापासून चालते. ते २०१८ मध्ये सुरू झाले, मार्च २०२१ च्या फॉर्मने पुन्हा शून्यावर आले, जूनच्या मुलाखतीने पुन्हा, आणि आरोपांच्या 'अमान्य' उत्तराने सुनावणीच्या उंबरठ्यावर पुन्हा एकदा.

एका बाबतीत त्याला श्रेय मिळाले. सुनावणीच्या दोन आठवडे आधी त्याने आई-वडिलांना सगळे सांगितले होते, आणि वडिलांनी तसे पत्र दिले. दबाव येण्याची शक्यता कमी करणे ही तत्त्वांतली स्वतंत्र अट आहे आणि ती पूर्ण झाली, असे निर्णयात लिहिले गेले. त्याच्या वरिष्ठांची तीन शिफारसपत्रे मात्र फिकी पडली. ती चांगली होती, पण त्यांतल्या दोघांना आरोप काय आहेत हेच माहीत नव्हते. शिफारस करणाऱ्याला कारणदर्शक पत्र वाचायला द्यावे आणि "मी ते वाचले आहे" असे त्याने लिहावे. नाहीतर त्या पत्राला वजन राहत नाही.

शेवटी संशयाचा फायदा कोणाला, हा प्रश्न. फौजदारी खटल्यात तो आरोपीला असतो. इथे राष्ट्रीय सुरक्षेला. १९८८ च्या 'नेव्ही विरुद्ध ईगन' निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेच आहे की क्लिअरन्सवर कोणाचा हक्क नसतो आणि चूक व्हायचीच असेल तर ती नकाराच्या बाजूने व्हावी. मे २०२३ मध्ये निर्णय विरुद्ध गेला.

कुठे वळता आले असते

सगळ्यात सोपी जागा २०१८ ची, ती वर आलीच. दुसरी जागा २०१९ च्या सहलीनंतरची. क्लिअरन्स असलेल्याने अशी गोष्ट स्वतःहून कळवावी. एफएसओकडे लेखी जायचे: काय, केव्हा, किती, आणि त्यासोबतच २०१८ चे उत्तर चुकीचे होते हेही. क्लिअरन्स तात्पुरता थांबला असता. पण दुरुस्ती समोर मांडण्याआधीची ठरली असती, आणि ती अट नंतर कशानेही भरून निघत नाही.

तिसरी जागा मार्च २०२१ चा फॉर्म. जुना फॉर्म समोर ठेवून नवा भरताना "आधीशी जुळायला हवे" म्हणून तेच खोटे उतरवले जाते. जुळवायचे असते ते घडलेल्याशी. नव्या फॉर्मवर 'हो' लिहून टिप्पणीच्या जागेत "२०१८ च्या फॉर्मवर मी हे दिले नव्हते, ते उत्तर चुकीचे होते" असे लिहिले असते, तर प्रकरण आजच्याहून कितीतरी हलके झाले असते.

चौथी जागा मुलाखतीची पहिली पाच मिनिटे. अधिकारी मुद्द्याला हात घालण्याआधी "विभाग २३ मध्ये दुरुस्ती करायची आहे" एवढे वाक्य. आणि मग पूर्ण आकडा, एका दमात. तीन-चारदा, मग दहादा, मग वीसदा अशी हप्त्याहप्त्याने दिलेली कबुली निर्णयांत वेगळ्याने नोंदली जाते आणि प्रत्येक हप्ता नवे खोटे धरला जातो.

ज्यांनी जन्माने नव्हे तर अर्ज करून नागरिकत्व घेतले आहे, त्यांच्यासाठी एक वेगळी काळजी. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकी नागरिकत्व विभागाने स्पष्ट केले आहे की राज्यात कायदेशीर असला तरी गांजाचा वापर नागरिकत्वासाठी लागणाऱ्या 'चांगल्या नैतिक चारित्र्या'च्या आड येऊ शकतो. ग्रीन कार्डवर असतानाचा वापर एसएफ-८६ वर सांगायचा असेल, तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला दोन्ही अर्ज शेजारी ठेवून दाखवावेत. तो सल्ला महाग वाटतो. दोन सरकारी कागदांवर दोन वेगळी उत्तरे सापडली, तर पुढे त्याहून कितीतरी जास्त मोजावे लागते.

निर्णयानंतर

अपिलाची नोटीस निर्णयाच्या तारखेपासून १५ दिवसांत आणि युक्तिवाद ४५ दिवसांत द्यावा लागतो. अपील मंडळ नवा पुरावा घेत नाही. न्यायाधीशांची चूक झाली का, तेवढेच बघते. इथे चूक दाखवण्यासारखी नव्हती, म्हणून अर्जदाराने अपील केले नाही. कंपनीने त्याला क्लिअरन्स न लागणारे काम देता येत नाही म्हणून सोडले.

पुन्हा विचार व्हायला पहिल्या प्रतिकूल निर्णयाच्या तारखेपासून किमान एक वर्ष जावे लागते. स्वतःहून अर्ज करता येत नाही, क्लिअरन्सची गरज असलेली आणि नाव पुढे करणारी कंपनी लागते. त्या फॉर्मच्या विभाग २५ मध्ये क्लिअरन्स कधी नाकारला गेला होता का, असा प्रश्न आहे. तिथेही 'कधीही' आहे, त्यामुळे तिथे आयुष्यभर 'हो' लिहायचे. विभाग २३ मध्ये तेव्हा जे सांगावे लागेल, त्यात सप्टेंबर २०२१ ला सांगितलेल्याच तारखा आणि तेच आकडे यायला हवेत, कमी नाहीत, जास्तही नाहीत. त्यासाठी अर्जदाराने कारणदर्शक पत्र, आपले उत्तर, मुलाखतीचा सारांश आणि निर्णय यांच्या प्रती एका फाइलीत लावून ठेवल्या आहेत.